वडिलांवरची गाणी आणि वडिलांची गाणी

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत ‘वडिलांच्या आठवणींसाठी ऐकावीत अशी गाणी’ या आशयाची यादी प्रसिद्ध झाली, ती मी आस्थेने वाचली. निवड चांगली होती आणि प्रत्येक गाण्याखालचे टिपणही नेटके होते. तरीही यादी वाचून संपल्यावर एक गोष्ट खटकली व ती आपल्यापर्यंत पोहोचवावी असे वाटले. यादीतले प्रत्येक गाणे वडिलांविषयी होते. मुलीची पाठवणी करणारा बाप, मुलाला खांद्यावर घेणारा बाप, न बोलता झिजणारा बाप अशा चित्रपटांतल्या आणि कवितांतल्या बापांची ती गाणी होती. ती ऐकून डोळे भरून येतात, हे मी नाकारत नाही. मात्र ज्यांचे वडील गेले आहेत, त्यांपैकी किती जणांच्या वडिलांना ही गाणी आवडत होती, हा प्रश्न कुणी विचारलेला दिसला नाही.

माझ्या वडिलांना, म्हणजे नानांना, यांतले एकही गाणे फारसे प्रिय नव्हते. त्यांची आवड विस्कळीत होती. काही नाट्यपदे, चार-दोन अभंग, पुष्कळशी हिंदी चित्रपटगीते, निम्मे शब्द कळत नसतानाही पाठ केलेल्या काही गझला आणि एक अत्यंत खट्याळ द्वंद्वगीत, ज्यातला स्त्रीचा आवाजही ते स्वतःच काढत. या गाण्यांचा पितृत्वाशी काडीचा संबंध नाही. पण त्यांतले कोणतेही सुरू झाले की नाना जितके स्पष्ट समोर येतात, तितके ते ‘बाप’ या विषयावरच्या उत्तमोत्तम गीतानेही येत नाहीत. हल्ली वर्षश्राद्धाच्या सुमारास छायाचित्रांची चित्रफीत तयार करून तिच्याखाली ठरलेले एखादे करुण गीत लावण्याची रीत पडली आहे. छायाचित्रातला माणूस आणि खालचे गाणे यांची आयुष्यात कधी गाठच पडलेली नसते, त्यामुळे अशी चित्रफीत कोणाचीही असू शकते. माझा आक्षेप एवढाच आहे.

वडिलांची गाणी आपल्याला इतकी खोलवर का लागतात, याचा थोडाफार अभ्यास झालेला आहे. उतारवयात माणसाला आयुष्य आठवायला सांगितले, तर साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी इतर काळापेक्षा दाटीने येतात. मानसशास्त्रात या दाटीला ‘रेमिनिसन्स बम्प’ (आठवणींचा उंचवटा) म्हणतात आणि संगीताच्या बाबतीत ती विशेष ठळक दिसते. अमेरिकेतल्या कॅरल क्रुमहान्सल आणि जस्टिन झुपनिक या संशोधकांनी 2013 साली ‘सायकॉलॉजिकल सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात याच्या पुढची गोष्ट दाखवली. त्यांनी विशीच्या आसपासच्या विद्यार्थ्यांना 1955 ते 2009 या काळातली लोकप्रिय गाणी ऐकवली. स्वतःच्या तारुण्यातल्या गाण्यांशी त्या मुलांचे नाते घट्ट असणारच होते. परंतु त्यांचे आईवडील तरुण असतानाच्या, म्हणजे 1980च्या दशकाच्या सुरुवातीच्या गाण्यांशीही त्यांच्या आठवणी आणि भावना जोडलेल्या आढळल्या; आणि त्याच्याही मागे, 1960च्या दशकातल्या गाण्यांपाशी, आणखी एक उंचवटा दिसला. ही मुले तेव्हा जन्मलेलीही नव्हती. अमेरिकी विद्यार्थी आणि अमेरिकी गाणी यांच्यावरून साऱ्या जगाविषयी बोलू नये हे मला मान्य आहे, पण ज्या घरात कुणीतरी सतत काहीतरी लावून ठेवत असे, त्या घरातल्या मुलांना हा निष्कर्ष वाचून फारसे आश्चर्य वाटणार नाही.

यातून मला जे महत्त्वाचे वाटते ते असे, की वडिलांची गाणी ही ते वडील होण्याच्या आधीची असतात. मला समज आली तेव्हा नाना चाळिशीकडे झुकलेले, मितभाषी आणि काटेकोर गृहस्थ होते. त्यांच्या आवडीची बहुतेक गाणी मात्र त्यांच्या विशीच्या अलीकडची-पलीकडची. तेव्हा त्यांच्यावर आमची जबाबदारी नव्हती, कुणाची तरी वाट पाहण्याइतका वेळ होता, आणि त्यांनी आम्हांला कधीही न सांगितलेल्या अनेक गोष्टी त्या काळात घडल्या असणार. मुलांना आपल्या वडिलांच्या या काळात शिरायला फार थोडे दरवाजे असतात. पत्रे फाडलेली असतात, मित्र पांगलेले असतात, छायाचित्रांत सगळेच ताठ उभे असतात. गाणी तेवढी उरतात.

एक उदाहरण देते. एक विशिष्ट भावगीत नाना नेहमी दुसऱ्या अंतऱ्यापासून गुणगुणत. ध्रुवपद कधीच नाही, पहिला अंतराही नाही, एकदम दुसरा. आम्ही भावंडे त्याला त्यांची एक लकब समजत आलो. ते गेल्यानंतर भेटायला आलेल्या त्यांच्या एका महाविद्यालयीन मित्राने सहज सांगितले, की स्नेहसंमेलनात हेच गीत म्हणायला नाना उभे राहिले होते आणि दुसऱ्या अंतऱ्याशी येऊन शब्द विसरल्यामुळे तसेच खाली उतरले होते. समोर कोण बसले होते, हेही त्या काकांनी सांगितले; ते येथे लिहिण्याचे कारण नाही. सांगण्याचा मुद्दा हा, की हे गीत कोणत्याही भ्रमणध्वनीवर क्षणात मिळते, परंतु ते दुसऱ्या अंतऱ्यापासून का सुरू होत असे, ही माहिती त्या एका वृद्ध गृहस्थांजवळ होती आणि ते भेटायला आले नसते तर ती त्यांच्याबरोबरच गेली असती. जपायचे आहे ते हे. गाणे जपायला कंपन्या आणि संग्रहालये समर्थ आहेत. आपल्या माणसाने ते कसे ऐकले, हे जपायला दुसरे कुणी येणार नाही.

‘कसे ऐकले’ यात पुष्कळ गोष्टी येतात. पहिली म्हणजे नेमके कोणते ध्वनिमुद्रण. एकच पद अनेकांनी गायलेले असते, एकाच गायकाने ते तरुणपणी व उतारवयात अशा दोन्ही वेळी मुद्रित केलेले असते, आणि आता त्यात जुन्या चालीवर नवा ठेका चढवलेल्या आवृत्त्यांची भर पडली आहे. मिनिटाला 78 फेऱ्या घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. त्यामुळे मैफलीत अर्धा तास रंगणारे पद तबकडीवर धावत-पळत येते, शेवटची तान मिनिटकाट्याशी शर्यत लावल्यासारखी उरकलेली असते. नानांना त्या घाईचेच कौतुक होते. त्याच गायकाचे पुढे दीर्घ तबकडीवर (एलपीवर) आलेले ऐसपैस ध्वनिमुद्रण त्यांना ‘सैल’ वाटे. संगीतातल्या जाणकाराला हे मत पटणार नाही, मलाही पूर्णपणे पटत नाही. पण त्यांच्या आठवणीसाठी मी ते पद लावते तेव्हा ती घाईची आवृत्तीच शोधावी लागते. दुसरी लावली तर ते पद माझे होते, नानांचे राहत नाही.

तीच गोष्ट नावांची. त्या पिढीने गाणी आकाशवाणीवर ऐकली आणि निवेदक गाण्याआधी चित्रपट, गायक, गीतकार, संगीतकार ही नावे सांगत, त्यामुळे नावांसकट गाणे हेच त्यांच्या लेखी पूर्ण गाणे होते. निवेदकाने गीतकाराचे नाव गाळले तर नाना रेडिओलाच रागावत. 1949 सालच्या ‘महल’ या चित्रपटाच्या तबकडीवर लता मंगेशकर यांच्या नावाऐवजी ‘कामिनी’ हे पडद्यावरच्या पात्राचे नाव छापले गेले होते, हा किस्सा ते घरातल्याच कुणावर अन्याय झाल्याच्या सुरात सांगत. त्याच्या उलट टोकाला गायिका गौहर जान. 1902 साली झालेल्या तिच्या ध्वनिमुद्रणांच्या शेवटी ती स्वतःच मोठ्याने इंग्रजीत आपले नाव सांगते, कारण तबकड्या छापल्या जात जर्मनीत आणि तिथल्या कामगारांना लेबलावर कुणाचे नाव घालायचे हे कळायला हवे होते. आज हातातल्या पडद्यावर जुने गाणे लावले की बहुधा चित्रपटाचे नाव व गायकाचे नाव दिसते. कवी आणि संगीतकार शोधून काढावे लागतात आणि दिसलेच तरी कित्येकदा चुकीचे असतात. गेलेल्या माणसाची आवडती गाणी शोधणाऱ्याला याचा फार त्रास होतो, कारण आपल्या स्मरणात अनेकदा शब्द नसतात, ‘अमक्या कवीचे, तमक्याने चाल लावलेले’ एवढेच वडिलांचे वाक्य असते.

आता घरातल्या कॅसेटविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण यात उशीर परवडणार नाही. 1963 साली फिलिप्सने आणलेल्या या छोट्या डबीने सामान्य माणसाच्या हाती प्रथमच ध्वनिमुद्रण दिले. अनेक घरांत वडिलांनी रेडिओवरून उतरवलेली गाणी, एखाद्या समारंभातले त्यांचे स्वतःचे गाणे, मधेच मुलांचा गोंगाट, अशा कॅसेट अजून पडून आहेत. प्लॅस्टिकच्या फितीवरचा चुंबकीय थर कालांतराने खराब होतो, बुरशी धरते, फितीला हेडशी, म्हणजे यंत्रातल्या फीत वाचणाऱ्या भागाशी, दाबून धरणारी आतली छोटी गादी निखळून पडते. त्याहून मोठी अडचण म्हणजे ती वाजवणारी चांगली यंत्रे आणि ती दुरुस्त करणारी माणसे दोन्ही दुर्मीळ होत चालली आहेत. याच कारणाने युनेस्को आणि ध्वनिसंग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी 2019 साली चुंबकीय फितींविषयी जगभर सावधगिरीचा इशारा दिला होता. तो मोठ्या संग्रहालयांना उद्देशून होता, पण घरातल्या खोक्यालाही तो तितकाच लागू आहे.

कॅसेटच्या वरच्या कडेला असलेल्या दोन चिमुकल्या पट्ट्या आधी मोडून टाकाव्यात, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरे काही मुद्रित होणार नाही. वर्षानुवर्षे बंद असलेल्या यंत्रात ती थेट घालू नये. यंत्र आधी बिनमहत्त्वाच्या कॅसेटवर तपासावे, त्याचे हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यावे. संगणकावर उतरवताना मूळ प्रत एमपी3 या आवाज आकसून ठेवणाऱ्या स्वरूपात न ठेवता वेव्ह या न आकसलेल्या स्वरूपात ठेवावी. वर उल्लेखिलेल्या संघटनेच्या शिफारशीनुसार किमान 24 बिट आणि 48 किलोहर्ट्झ ही मर्यादा पाळावी. आणि माझा आग्रहाचा मुद्दा असा, की मूळ प्रतीवर कोणतीही ‘सफाई’ करू नये. आमच्या एका कॅसेटचे काम ज्यांच्याकडे दिले होते, त्यांनी अत्यंत प्रामाणिकपणे दोन गाण्यांमधली ‘रिकामी’ जागा कापून टाकली. गाणी स्वच्छ ऐकू आली. त्या रिकाम्या जागेत मात्र नानांचे खाकरणे होते, ‘थांब, आता लागेल’ हे त्यांचे शब्द होते आणि निवेदिकेचे अर्धे वाक्य होते. सुदैवाने मूळ कॅसेट त्यांनी परत केली होती, म्हणून ती दुसऱ्यांदा उतरवता आली. तेव्हा काम देणाऱ्याने स्पष्ट सांगावे, की गाण्याबाहेरचे जे काही आहे तेच आम्हांला हवे आहे.

वेगाचाही घोळ असतो. टेपरेकॉर्डरचे सेल उतरलेले असताना मुद्रण केले असेल, तर फीत तेव्हा हळू फिरलेली असते, आणि ती आज योग्य वेगाने वाजवली की आवाज चढा व घाईचा येतो. नानांचा आवाज एका कॅसेटवर असाच पोरसवदा ऐकू येत होता. त्याच कॅसेटवरच्या रेडिओच्या गाण्याची पट्टी मूळ तबकडीशी ताडून पाहिली, तेव्हा किती फरक आहे ते कळले आणि ऐकण्याच्या प्रतीत तो दुरुस्त करता आला.

घरातल्या माणसांचे आवाज जपणे हा ध्वनिमुद्रणाचा उपउपयोग आहे असे आपण समजतो, पण ते तसे नाही. थॉमस एडिसन याने 1877 साली फोनोग्राफ तयार केला आणि पुढच्याच वर्षी ‘नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू’मध्ये त्याच्या संभाव्य उपयोगांची यादी दिली. तीत संगीताबरोबरच कुटुंबातल्या माणसांची बोलणी, आठवणी आणि मरणासन्न माणसाचे अखेरचे शब्द नोंदवून ठेवणे हाही एक स्वतंत्र उपयोग होता. ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ (धन्याचा आवाज) या नावाचे, कर्ण्यापुढे कान देऊन बसलेल्या कुत्र्याचे जे चित्र तबकड्यांवर छापलेले आपण सर्वांनी पाहिले आहे, त्याचीही हकीकत याच जातीची आहे. निपर हा कुत्रा मूळचा चित्रकार फ्रान्सिस बॅरॉड याच्या भावाचा. भाऊ वारल्यावर तो बॅरॉडकडे आला. चित्र रंगवले गेले तेव्हा निपरही हयात नव्हता. नानांना ही हकीकत ठाऊक नव्हती आणि मला ती त्यांच्या पश्चात कळली, एवढी एकच तबकडीविषयक माहिती मी त्यांना सांगू शकले असते.

ज्यांचे वडील हयात आहेत, त्यांनी त्यांना ‘तुमचे आवडते गाणे कोणते’ असे विचारू नये, असे माझे मत आहे. त्यावर सभ्य उत्तर मिळते. नानांनी एखाद्या अभंगाचेच नाव घेतले असते आणि ते द्वंद्वगीत साफ दडवले असते. त्यापेक्षा त्यांच्या विशीतली गाणी एकामागून एक लावावीत आणि कोणत्या गाण्याला ते बोलणे थांबवतात ते पाहावे. त्या वेळी ‘हे पहिल्यांदा कुठे ऐकलेत, बरोबर कोण होते’ एवढे विचारले की पुरते, आणि भ्रमणध्वनीवर ते बोलणे मुद्रित करून ठेवावे.

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांबाबतही एक शब्द लिहावासा वाटतो. ओळखीच्या संगीताची स्मृती मेंदूच्या ज्या भागांशी निगडित असते, ते भाग अल्झायमर्समध्ये तुलनेने उशिरा बाधित होतात, असे 2015 साली ‘ब्रेन’ या नियतकालिकातल्या एका शोधनिबंधात मांडले गेले. अशा रुग्णांना त्यांची जुनी गाणी ऐकवण्याचा उपक्रम चांगला आहे, त्याने आजार बरा होत नसला तरी. मात्र ऐकणे लादले जाऊ नये. नानांची स्मृती शेवटपर्यंत शाबूत होती, आणि अखेरच्या आजारात आम्ही हौसेने त्यांची गाणी लावली तेव्हा त्यांनी हात हलवून ती बंद करायला सांगितली. का, ते सांगितले नाही. आम्हांला वाईट वाटले. मागाहून वाटते, की ज्या गाण्यांना त्यांनी जन्मभर तब्येतीने ऐकले, ती गाणी अर्धवट लक्ष देऊन ऐकणे त्यांना मानवले नसावे. पण हा माझा तर्क झाला.

आता आपल्याकडे एक विनंती. पुरवणीत पुन्हा या विषयाला जागा द्यायची झाली, तर तयार यादीऐवजी वाचकांकडून एकेका गाण्याविषयी मजकूर मागवावा. गाणे वडिलांवर असण्याची अट नसावी, किंबहुना तसे नसलेलेच बरे. प्रत्येक मजकुराबरोबर गायक, कवी, संगीतकार आणि ध्वनिमुद्रणाचे वर्ष तपासून छापावे, म्हणजे दुसऱ्या कुणाला आपल्या वडिलांचे हरवलेले गाणे त्यावरून सापडू शकेल. जागा अपुरी पडल्यास गाण्याच्या ओळी खुशाल गाळाव्यात, त्या कुठेही मिळतात. त्या वाचकाच्या वडिलांनी ते गाणे कोणत्या कडव्यापासून म्हटले, कुठे चुकीचे म्हटले आणि कुणासमोर म्हणायचे टाळले, तो मजकूर मात्र न कापता द्यावा.

कळावे,
आपली एक नियमित वाचक